घरची वीज (भाग 4) : किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं

मे 2024 मध्ये वडोदऱ्यात स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले. नवं प्रीपेड मीटर जोरात पळतं, भरलेले पैसे बघता बघता संपतात, ही तक्रार होती. तिची शहानिशा कशी करायची? नव्या मीटरशेजारी दुसरं मीटर बसवून दोन्हींचे आकडे ताडायचे. पण कोणते आकडे ताडायचे, हे ग्राहकालाही कळायला हवं, कारण वीजबिलावर किलोवॅट आणि युनिट अशा दोन निरनिराळ्या गोष्टींचे आकडे असतात आणि बहुतेक घरांत त्या एकच समजल्या जातात.

मागच्या भागात वॅट पाहिला. 1 वॅट म्हणजे सेकंदाला 1 ज्यूल. उपकरण या क्षणी किती झपाट्याने ऊर्जा घेतं आहे, एवढंच तो सांगतो. किती घेतली, हे वेळेशी गुणल्याशिवाय कळत नाही. 1000 वॅटचं, म्हणजे 1 किलोवॅटचं उपकरण तासभर चाललं की 1 युनिट होतं. ‘एसी तासाला दीड किलोवॅट खातो’ असं आपण सर्रास म्हणतो, पण खाल्ली जातात ती युनिटं.

आता 2000 वॅटचा गिझर घ्या. पंधरा मिनिटं चालला तर अर्धं युनिट. आणि 75 वॅटचा जुना पंखा? वडोदऱ्याच्या उन्हाळ्यात तो अठरा तास सहज फिरतो : 1.35 युनिट. घरात असे तीन पंखे असले तर दिवसाला चार युनिटं. बिल वाढलं की बोट गिझरकडे जातं, पंख्याकडे कुणी पाहतसुद्धा नाही. त्या तिघांच्या जागी 30 वॅटचे बीएलडीसी पंखे लावले, तर दोन महिन्यांच्या एका बिलात जवळपास 146 युनिटं वाचतात. माझ्या मते बचतीची सुरुवात इथूनच करावी.

मग किलोवॅटला काही किंमतच नाही का? आहे, पण दुसरीकडे. गिझर, एसी आणि इस्त्री एकदम लावली की साडेचार किलोवॅट, म्हणजे सुमारे 20 अँपियर. वायर तापते, जादा प्रवाह तोडणारा एमसीबी पडतो. तीच उपकरणं तेवढाच वेळ, पण एकामागून एक वापरली तर युनिटं तितकीच होतात, ताण मात्र येत नाही. बिलातला फिक्स्ड चार्जही मंजूर लोडवर, म्हणजे घराला मंजूर झालेल्या किलोवॅटवर ठरतो : वडोदऱ्याला वीज पुरवणाऱ्या एमजीव्हीसीएलच्या 2024-25 च्या घरगुती दरांत 2 किलोवॅटपर्यंत महिना 15 रुपये, 6 किलोवॅटच्या वर 70. हा आकार कमी वापरला म्हणून उतरत नाही.

छतावरच्या सोलरमध्येही किलोवॅट वेगळा, युनिट वेगळं. ‘3 किलोवॅट’ ही पॅनेलची कमाल क्षमता. गुजरातच्या उन्हात त्यातून दिवसाला साधारण 12 युनिटं मिळतात.

घराचा वापर स्वतः मोजता येतो. मीटरवर ‘3200 इम्पल्स’ लिहिलं असेल तर लाल दिवा 3200 वेळा लुकलुकला की एक युनिट. तीस सेकंदांत दहा वेळा लुकलुकला, तर त्या क्षणी घर 375 वॅट घेतं आहे. पण मीटरबद्दल शंका असेल तेव्हा हा झटपट हिशेब पुरत नाही. नवं आणि त्याच्या शेजारी बसवलेलं, अशा दोन्ही मीटरचं रीडिंग एकाच वेळी टिपायचं, आठवड्याने पुन्हा एकाच वेळी टिपायचं, आणि फक्त वाढलेली युनिटं शेजारी मांडायची.