गोणीतली मोटार जोडायला घेताना

सेलूला आमच्या शाळेच्या मागच्या गल्लीत एका घरी गुरांचा रिकामा कोठा आहे. पूर्वी त्यात सरकीची पोती असत. गेली अनेक वर्षे तिथे एक मोटार पडून होती. मोटार म्हणण्यापेक्षा मोटारीचे सामान म्हणणे बरोबर. चार विटांच्या ढिगांवर सांगाडा, भिंतीला टेकवलेली चार दारे, कोपऱ्यात इंजिन आणि बारदानाच्या सहा गोण्यांत बाकी सगळे. घरमालकांनी ती रंगवून घ्यायची म्हणून एका मिस्त्रीकडून खोलून घेतली होती. मिस्त्री काम सोडून गेला, पुढे घरमालकही गेले. यंदा उन्हाळ्यात काकूंनी आम्हाला बोलावून सरळ विचारले, "गुरुजी, कबाडी किलोच्या भावाने मागतो आहे. देऊ का? की ही उभी राहते?"

आम्ही तिघे शिक्षक. एक विज्ञानाचा, एक गणिताचा आणि एक कार्यानुभवाचा. मोटार जोडण्याचा अनुभव कोणालाच नव्हता. महिनाभर थांबा, एवढेच आम्ही काकूंना सांगितले. त्या महिन्यात काय केले ते इथे लिहीत आहोत, कारण त्यातले बरेचसे वर्गात नेण्यासारखे निघाले.

गाडी आहे स्टँडर्ड हेरल्ड, १९६९ सालची. मूळची ब्रिटनमधली ट्रायम्फ हेरल्ड. तिचा आकार इटलीच्या जोव्हान्नी मिकेलोत्ती यांनी काढला आणि १९५९ मध्ये ती बाजारात आली. १९६१ पासून मद्रासच्या स्टँडर्ड मोटर प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने ती आपल्याकडे बनवली. चार दारांची हेरल्ड तर फक्त भारतातच झाली. याच हेरल्डचा सांगाडा आखूड करून ट्रायम्फने १९६२ मध्ये 'स्पिटफायर' ही दोन माणसांची स्पोर्ट्स कार काढली आणि ती १९८० पर्यंत विकली. त्यामुळे कोणाच्या गोदामात स्पिटफायर खोललेली पडली असेल, तर त्यांनाही यातले बरेच लागू पडेल.

हेरल्ड जोडायला सोपी का, याचे कारण तिच्या जन्मात आहे. त्या काळी बहुतेक नव्या मोटारींचे शरीर एकसंध पत्र्याचे होऊ लागले होते. ट्रायम्फला मात्र असे अखंड शरीर बनवून देणारा कारखाना मिळेना, कारण तो प्रतिस्पर्ध्याच्या हाती गेला होता. म्हणून त्यांनी वेगळा लोखंडी सांगाडा ठेवला आणि शरीराचे तुकडे निरनिराळ्या ठिकाणी करवून ते बोल्टांनी एकमेकांना जोडले. अडचणीतून काढलेली ही वाट साठ वर्षांनी सेलूच्या कोठ्यात आमच्या कामी आली. जे बोल्टने जोडले आहे ते बोल्टनेच पुन्हा जोडता येते.

पहिल्या दिवशी आम्ही पान्याला हातही लावला नाही. आर.सी. पुस्तकातला चासी क्रमांक आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवर शोधला. ब्रशने गंज काढून, वर कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा आकडे उमटले. ते जुळले नसते तर पुढची सगळी मेहनत कागदोपत्री व्यर्थ होती. पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी २०२१ मध्ये केंद्र सरकारने वेगळ्या नोंदणीचे नियम केले. त्यांतही गाडी मूळ रूपात असावी ही अट आहे, आणि अशी नोंदणी घेतली तर ती रोजच्या वापरासाठी चालत नाही. हे काकूंना आधीच सांगून टाकलेले बरे, म्हणून सांगितले.

मग गोण्या उलटल्या. नववीची आठ मुले मदतीला होती. सामानाची वर्गवारी करा म्हटल्यावर त्यांनी अर्ध्या तासात सुरेख ढीग केले. मोठे बोल्ट एकीकडे, छोटे एकीकडे, वॉशर तिसरीकडे, गोल वस्तू चौथीकडे. दिसायला छान, पण उपयोग शून्य. ब्रेकचा बोल्ट आणि दाराचा बोल्ट शेजारी बसले, आणि गोणीत योगायोगाने एकत्र राहिलेले भागही विखुरले. प्राण्यांचे वर्गीकरण रंगावरून का करत नाहीत, हे शिकवताना आम्हाला इतके चांगले उदाहरण कधी सुचले नव्हते. दुसऱ्या दिवशी जमिनीवर खडूने गाडीचा आराखडा काढला आणि प्रत्येक वस्तू ती जिथली असेल त्या जागी ठेवायला सांगितली. न ओळखलेले सगळे आराखड्याबाहेर. संध्याकाळी बाहेर एकशेचाळीस वस्तू होत्या. आठवड्याने तेवीस.

आता आट्यांकडे वळू. इथे आमची चूक झाली आणि तीच सर्वांत जास्त शिकवून गेली. शरीर सांगाड्याला बांधणारा एक बोल्ट मिळेना, म्हणून दुकानातून ८ मिलिमीटरचा नवा आणला. दोन फेरे गेला, मग अडला. आम्ही पान्याला पाइप लावून जोर केला. आत कुरकुर झाली आणि आटे गेले.

जुना बोल्ट इंची होता, ५/१६ इंचाचा. २५.४ ला ५ ने गुणून १६ ने भागा. ७.९४ मिलिमीटर येतात. ८ शी फरक केसाएवढा, डोळ्याला दिसणे शक्य नाही. पण जाडी जवळपास सारखी म्हणजे आटे सारखे नव्हेत. या गाडीतले बहुतेक आटे 'यूएनएफ' पद्धतीचे आहेत. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन आणि ब्रिटिश नट एकमेकांना बसत नसल्याने फार हाल झाले. त्यानंतर अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी मिळून हे मानक ठरवले. त्याआधीचे ब्रिटिश आटे जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४१ मध्ये सुचवलेल्या धर्तीचे होते. त्यात आट्याच्या खाचेचा कोन ५५ अंश, तर यूएनएफमध्ये ६० अंश. यूएनएफच्या ५/१६ इंची बोल्टवर एका इंचात २४ आटे असतात, म्हणजे दोन आट्यांतले अंतर १.०६ मिलिमीटर. नेहमीच्या ८ मिलिमीटरच्या बोल्टवर ते १.२५ मिलिमीटर असते.

हे मोजायला यंत्र लागत नाही. बोल्टला थोडी शाई लावून तो कोऱ्या कागदावर सरळ दाबा. रेघांची शिडी उमटेल. दहा अंतरे मोजून पट्टी लावा. १०.६ मिलिमीटर आले तर इंची, १२.५ आले तर मेट्रिक. एक अंतर मोजून फरक कळणार नाही, दहा मोजले की साध्या पट्टीवरही कळतो. मोजमापातली चूक वाटून कमी करण्याचा हा धडा मुलांनी त्या दिवशी पन्नास वेळा गिरवला. बिघडलेल्या जागी पुढे टॅप मारून आटे नव्याने पाडावे लागले.

पान्याचेही तसेच. या बोल्टचे डोके अर्धा इंच रुंद, म्हणजे १२.७ मिलिमीटर. त्याला १३ चा पाना बसतो आणि म्हणूनच तो घातक. गंजलेल्या बोल्टवर तीन दशांश मिलिमीटरची फट कोपरे गोल करून टाकते. इंची पान्यांचा एक संच आधी घ्यावा. आम्ही तो नंतर घेतला.

जोडणीचा क्रम लोकांना उलटा वाटतो. जो येई तो म्हणे, आधी इंजिन चालू करून दाखवा. ते सोपेही असते आणि गर्दीही जमते. पण इंजिन चालले म्हणजे गाडी झाली नव्हे. आधी सांगाडा सपाट जमिनीवर घोड्यांवर ठेवून पाण्याच्या नळीने समतल केला आणि कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले तर सांगाडा पिळलेला नाही. आमच्याकडे ३ मिलिमीटरचा फरक निघाला, तो चालण्यासारखा होता. मग शरीराचे दोन भाग वर ठेवले, बोल्ट हातानेच बसवले, दारे अडकवली आणि दारांभोवतीची फट सगळीकडे सारखी होईपर्यंत खाली पातळ पत्र्याचे तुकडे सरकवत राहिलो. त्यानंतरच बोल्ट आवळले. आधी आवळून मग दारे लावणाऱ्याला सगळे पुन्हा सोडावे लागते.

काकूंना खरे उत्तर मिळाले ते पुढच्या चाकांपाशी. हेरल्ड अवघ्या २५ फुटांच्या वर्तुळात वळते. सेलूच्या बाजारगल्लीत बैलगाडीलाही हेवा वाटावा. त्यासाठी पुढचे चाक एका उभ्या पोलादी दांड्यावर आहे. दांड्याच्या खालच्या टोकाला आटे असून ते ब्राँझच्या एका ठोकळ्यात फिरतात. या ठोकळ्याला ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग फिरवले की दांडा नटात फिरणाऱ्या बोल्टसारखा फिरतो. एका बाजूचे आटे सुलटे, दुसऱ्या बाजूचे उलटे, म्हणून डावे-उजवे बदलून चालत नाही. त्यात घट्ट गिअर तेल भरायचे असते, ग्रीस नव्हे. ग्रीस आट्यांच्या तळापर्यंत पोचत नाही. मग तिथे पाणी साचते, पोलाद आतून गंजते आणि एखाद्या वळणावर दांडा तुटून चाक आडवे होते. बाहेरून काहीही दिसत नाही.

आम्ही दोन्ही सोडवले. आत वाळलेले ग्रीस होते. रॉकेलने धुऊन भिंगाखाली पाहिले तेव्हा उजव्या दांड्यावर आटे संपतात त्या बारीक जागी गंजाचे खड्डे होते. नख अडकत होते. पुण्याहून आलेला काकूंचा नातू दसऱ्याला गाडी चालवायची म्हणून हटून बसला होता. "एवढा जाड लोखंडी दांडा, त्याला काय होते?" असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याला लोखंडी तार वाकवून दाखवली. आधी तिच्यावर कानशीने बारीक खाच पाडली. तार दर वेळी त्या खाचेशीच तुटली. ताण खाचेपाशी एकवटतो हे त्याला पटले, पण दसरा हुकल्याचे दुःख काही गेले नाही. काकू मात्र लगेच म्हणाल्या, "नवा दांडा येईपर्यंत हिला कोठ्याबाहेर काढू नका." ट्रायम्फचे असे भाग ब्रिटनमध्ये अजून नव्याने बनतात. दोन्ही बाजूंचे मागवले. बसवताना आटे शेवटपर्यंत फिरवून मग थोडे मागे घ्यावे लागतात, नाहीतर पूर्ण वळणावर दांडा अडतो.

इंजिनाला फार वेळ लागला नाही. सिलिंडरचा व्यास ६३ मिलिमीटर, दट्ट्याची धाव ७६ मिलिमीटर. मुलांनी वर्तुळाचे क्षेत्रफळ काढून धावेने आणि चारने गुणले, तेव्हा ९४८ घन सेंटिमीटर आले. हीच संख्या माहितीपुस्तकात छापलेली पाहून त्यांना झालेला आनंद आम्ही विसरणार नाही. प्लगच्या भोकांतून तेल सोडून चार दिवस ठेवले आणि मग हाताने फिरवले. हेडचे नट ४२ ते ४६ फूट-पाउंड आवळायचे असतात. टॉर्क पाना नव्हता. साध्या पान्यावर नटापासून ३० सेंटिमीटरवर तोलकाटा अडकवून काटकोनात २० किलोपर्यंत ओढले, की ४३ च्या आसपास होतात. मधल्या नटापासून बाहेरच्या बाजूला, तीन फेऱ्यांत. एकदम आवळले तर गॅस्केट एका बाजूला दबते.

तारांचा गुंता पाहून आम्ही घाबरलो होतो, पण जुन्या ब्रिटिश गाड्यांत तारांचे रंग ठरलेले असतात. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी त्यापुढे फ्यूजमधून गेलेली, निळी मोठ्या दिव्यांची, लाल बारीक दिव्यांची, काळी सांगाड्याला. एक काळजी मात्र घ्यावी. त्या काळच्या कित्येक गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे, आजच्या उलट. बॅटरी लावण्याआधी ते तपासून घ्या.

सध्या गाडी स्वतःच्या चाकांवर उभी आहे, कोठ्यातच. कबाडी परत गेला. ब्रेकच्या मुख्य सिलिंडरमधली रबरे नागपूरहून यायची आहेत. ती आली की येत्या रविवारी ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायला बसणार आहोत. पेडल दाबायला काकूंचा नातू येतो म्हणाला आहे.