घोडा घरचा, स्वार माऊली

ज्येष्ठ महिना निम्मा सरत आला, की सांगली-साताऱ्याच्या कृष्णाकाठास दोन पाहुण्यांची चाहूल लागते. मृगाच्या सरींकडे शेतकऱ्याचे डोळे लागलेले असतात, घरोघरी पेरणीची घाई असते. तरीही मिरजेपासून कऱ्हाडपर्यंत आणि कऱ्हाडापासून भुईंजपर्यंत माणसे वाटेच्या कडेला आरतीचे तबक घेऊन उभी राहतात. हे पाहुणे म्हणजे श्रीज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्यातील मानाचे अश्व. कर्नाटकातील चिकोडी तालुक्यात कृष्णेच्या तीरी असलेल्या अंकली गावाहून ते निघतात आणि सुमारे तीनशे किलोमीटरची वाट पायी तुडवून प्रस्थानाच्या आधी आळंदीस पोहोचतात. सांगलीजवळही अंकली नावाचे एक गाव आहे. परंतु अश्वांची अंकली ती नव्हे, ती शितोळे सरकारांची.

या अश्वांच्या पायांवर सुवासिनी पाणी घालतात, कपाळी हळदकुंकू लावतात आणि पंढरीचे पहिले दर्शन झाले असे मानून घरी परततात. आषाढी एकादशीच्या या पर्वकाळी आम्हांस वाचकांचे लक्ष या दर्शनामागील एका गोष्टीकडे वेधावेसे वाटते. अश्व वाटेवर दिसतात ते महिना-दीड महिना. उरलेले सर्व वर्ष कोणीतरी त्यांना आपल्या दारी, आपल्या पागेत सांभाळलेले असते. वारीचे पुण्य जसे पायांना आहे, तसे ते त्या पागेलाही आहे.

शिलेदारी आणि बारगिरी

घरी घोडा बाळगणे ही या मुलखास नवी गोष्ट नाही. मराठ्यांच्या घोडदळात स्वारांचे दोन वर्ग होते. ज्यास घोडा व हत्यारे सरकारातून मिळत तो बारगीर. आणि जो स्वतःचा घोडा, स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस उभा राही तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा त्याच्या स्वतःच्या वाड्यात वाढे. म्हणून कृष्णा, वारणा, नीरा आणि माण या नद्यांच्या खोऱ्यांतील जुन्या वाड्यांत आजही पागेचा चौक दिसतो आणि भिंतीत बसविलेल्या लोखंडी कड्या दिसतात. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील काटक, ठेंगण्या भीमथडी तट्टांनी मराठी फौजांना दूरदूरच्या मजला मारून दिल्या, हे इतिहास सांगतो.

देवघरातही घोडा आहेच. आपल्या देव्हाऱ्यातील खंडोबाचा टाक पाहावा. देव अश्वावर स्वार असतो. कऱ्हाड तालुक्यातील पालीच्या खंडोबाची पौषातील यात्रा ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे निराळे सांगावयास नको. ज्यांच्या दारी घोडा आहे अशी घरे विजयादशमीस त्याला न्हाऊ घालून, झेंडूची माळ घालून त्याची पूजा करतात. परंतु वारीतील अश्वाचा मान याहून वेगळा आहे, आणि तो कसा आला हे समजण्यासाठी साताऱ्याजवळच्या आरफळ गावी जावे लागते.

आरफळचे हैबतबाबा

हैबतबाबा पवार आरफळकर हे ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या दरबारी सरदार होते. चाकरी संपवून गावी परतत असता सातपुड्याच्या रानात भिल्लांनी त्यांना लुटले व गुहेत कोंडले. बाबांनी हरिपाठाचा धावा मांडला आणि एकविसाव्या दिवशी त्यांची सुटका झाली, असे परंपरा सांगते. सुटका झालेले हैबतबाबा आळंदीस आले ते माऊलींचेच होऊन राहिले. पूर्वी वारकरी माऊलींच्या पादुका गळ्यात बांधून पंढरीस नेत. हैबतबाबांनी १८३२ साली त्यास पालखी सोहळ्याचे रूप दिले. या सोहळ्यासाठी अंकलीच्या शितोळे सरकारांनी अश्व, तंबू आणि नैवेद्याची सेवा पत्करली. आळंदीच्या महाद्वारात हैबतबाबांची पायरी आहे. त्यांचे वंशज आजही सोहळ्याचे मालक म्हणून चालतात, आणि अंकलीचे अश्व आजही येतात.

येथे एक गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. हैबतबाबा हे फौजी रिवाजात वाढलेले गृहस्थ. त्यांनी सोहळ्यास जी शिस्त लावली, तीत दिंड्यांचा क्रम आहे, तळ आहे, तुतारी आहे, जरीपटका आहे, आणि अश्वही आहेत. मात्र लष्करातील घोडा आणि वारीतील घोडा यांत एक मोठा भेद त्यांनी केला. सोहळ्यात दोन अश्व असतात. एकावर जरीपटका घेतलेला स्वार असतो; दुसऱ्याच्या पाठीवर कोणीच बसत नाही. त्यावर साक्षात माऊली आरूढ आहेत ही वारकऱ्यांची श्रद्धा आहे. म्हणजे घोडा घरचा, दाणागोटा घरचा, कष्ट घरचे. परंतु पाठ मात्र दुसऱ्याची. शिलेदार स्वतःच्या घोड्यावर बसे आणि बारगीर परक्याच्या. येथे मालक स्वतः मोतद्दार झाला आणि स्वारी देवास दिली. आपल्या मालकीच्या वस्तूचे काय करावे, याचे याहून सोपे उत्तर आम्हांस ठाऊक नाही.

रिंगण

ज्येष्ठ वद्य अष्टमीस आळंदीहून प्रस्थान होते. पुणे, सासवड, जेजुरी असे मुक्काम करीत पालखी नीरेकाठी येते. तेथे पादुकांना नीरास्नान घडते आणि सोहळा सातारा जिल्ह्यात प्रवेश करतो. ज्या जिल्ह्यातून अश्व एकटे आळंदीकडे गेले, त्याच जिल्ह्यात ते माऊलींसह पुन्हा येतात. लोणंदचा मुक्काम आटोपून तरडगावाकडे जाताना चांदोबाचा लिंब येथे पहिले उभे रिंगण होते. पुढे फलटण, बरड असे मुक्काम होऊन सोहळा सोलापूर जिल्ह्यात उतरतो आणि पुरंदवड्यास पहिले गोल रिंगण होते.

टाळमृदंगाचा गजर टिपेस पोहोचतो, पताकाधारी धावतात, मग स्वाराचा अश्व निघतो आणि त्यामागून माऊलींचा अश्व झेपावतो. स्वार नाही, लगाम खेचणारा हात नाही, तरी तो नेमक्या वाटेने धावतो. धाव संपताच हजारो माणसे टापांखालची माती उचलून कपाळी लावतात. ही जी धाव डोळ्यांचे पारणे फेडते, तिच्या पोटात वर्षभराचा नित्यनेम असतो. लाखोंच्या गर्दीत, गजरात, धुळीत न बिथरणारे जनावर एका दिवसात घडत नाही. रोजच्या हाताळणीने, रोजच्या आवाजाच्या सवयीने आणि एकाच माणसाच्या विश्वासाने ते घडते.

पागेतील नित्यनेम

घोडा दारी बांधणे सोपे, तो राखणे कठीण. गाय-बैल रवंथ करतात, घोडा करीत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते. म्हणून त्यास एकदम पोटभर न घालता थोडे थोडे, अनेक वेळा द्यावे लागते. मध्यम बांध्याच्या घोड्यास दिवसाला आठ-दहा किलो वाळलेला चारा आणि पंचवीस ते चाळीस लिटर स्वच्छ पाणी लागते. त्याखेरीज भिजविलेल्या हरभऱ्याची चंदी, थोडा कोंडा आणि मीठ. सांगली-साताऱ्याकडे उसाचे वाडे मुबलक. परंतु बैल वाड्यांवर निभतो म्हणून घोडाही निभेल असे समजू नये. बुरशी आलेला कडबा तर त्याच्यापुढे टाकूच नये.

सकाळ-संध्याकाळ खरारा, प्रत्येक खूर उचलून माती-खडे काढणे, सहा ते आठ आठवड्यांनी नालबंदाकडून खूर तासून नाल बदलणे, पागेत कोरडा मुरूम आणि खेळती हवा राखणे, रोज फेरफटका देणे, ही कामे सुतक-सणवार पाहत नाहीत. घोडा उभ्या उभ्या झोपतो हे खरे. परंतु गाढ झोपेसाठी त्यास आडवे व्हावेच लागते, म्हणून त्याचे ठाण ऐसपैस हवे. जखमेतून धनुर्वात होण्याचा धोका घोड्यास फार, म्हणून लस चुकवून चालत नाही. ग्लँडर्स हा घोड्याचा रोग माणसासही होऊ शकतो आणि त्यावर लस नाही, म्हणून गर्दीत नेण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. सांभाळलेला घोडा पंचवीस वर्षे जगतो. ज्याने त्याला घरी आणले त्याने ही पंचवीस वर्षे मोजूनच आणावे. धाव संपली म्हणून त्याची जबाबदारी संपत नाही.

हे काम हलके आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने महाभारताचे स्मरण करावे. जयद्रथवधाच्या दिवशी, रणाच्या मध्यभागी अर्जुनाचे अश्व थकले. तेव्हा अर्जुनाने बाणाने जलाशय निर्माण केला आणि श्रीकृष्णाने स्वहस्ते अश्व सोडले, त्यांच्या अंगांतील बाण काढले, त्यांना चोळले, पाणी पाजले. जो विटेवर उभा आहे त्यानेच एके काळी मोतद्दारी केली आहे. अज्ञातवासात नकुलानेही विराटाच्या पागेत ग्रंथिक हे नाव घेऊन हेच काम केले.

व्रत कधी कळते?

या सेवेची परीक्षा उत्सवात होत नाही, संकटात होते. २०१८ साली सोहळा पुण्यास मुक्कामी असता हिरा नावाच्या अश्वाचा मृत्यू झाला. अनेक वर्षे माऊलींच्या सोबत चाललेला तो जीव गेला तेव्हा वारकऱ्यांनी घरचे माणूस गेल्याप्रमाणे शोक केला. परंपरा मात्र खंडित झाली नाही. पुढे २०२० आणि २०२१ या दोन वर्षी महामारीमुळे पायी वारी झाली नाही, पादुका एस. टी.च्या गाडीतून पंढरीस गेल्या. दिंड्या थांबल्या, रिंगणे थांबली, परंतु घोड्याची चंदी थांबवता येत नाही. ज्या वर्षी धाव नाही, मान नाही, आरतीचे तबक नाही, त्या वर्षीही पहाटे उठून खरारा करावाच लागतो. व्रत म्हणावयाचे ते यालाच.

आज अशी पागा दुर्मिळ होत चालली आहे. पशुगणनेनुसार देशात २०१२ साली घोडे व तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ मध्ये ती सुमारे ३ लाख ४० हजारांवर आली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी घट! घोडा गेला की नालबंद जातो, खोगीर शिवणारा जातो, मोतद्दाराचे ज्ञान जाते. मग उरतो तो केवळ वरातीपुरता भाड्याने आणलेला, दिव्यांच्या झगमगाटात आणि कर्ण्यांच्या गोंगाटात भेदरलेला घोडा. अशा घोड्याकडून रिंगणाची अपेक्षा कोणी कशी करावी?

दर्शन घेताना

म्हणून भाविक कुटुंबांना आमची हात जोडून विनंती आहे. अश्व दारावरून जातील तेव्हा त्यांच्या पायांवर पाणी अवश्य घाला. तापलेल्या डांबरावरून चाललेल्या खुरांना ते खरोखरीच सुखावते. परंतु पेढा, लाडू, पुरणपोळी, शिळी भाकरी त्यांच्या मुखी देऊ नका. घोड्यास ओकारी होत नाही. पोटात गेलेले अपायकारक अन्न त्याला बाहेर टाकता येत नाही, आणि पोटशूळाने चांगला धडधाकट घोडा काही तासांत दगावू शकतो. आपण प्रेमाने दिलेला एक घास शंभर जणांनी दिला, तर तो प्रसाद राहत नाही. काही द्यावयाचेच असेल तर मोतद्दारास विचारून हिरवा चारा किंवा चंदीची रक्कम द्यावी.

तसेच आठवण म्हणून शेपटीचे केस उपटू नयेत, मागून एकाएकी हात लावू नये, पोरांना पायांत घुसू देऊ नये. मागून झालेल्या स्पर्शाने घोडा दचकतो आणि लाथ झाडतो. तो दोष त्याचा नसतो. तबकातील निरांजन त्याच्या डोळ्यांसमोर न नेता थोडे दुरून, बाजूने ओवाळावे. माऊली ज्याच्या पाठीवर आहेत त्यास त्रास देऊन माऊलींचे दर्शन कसे घडेल?

आणि ज्यांच्या दारी आजही घोडा, बैल, गाय असे एखादे मुके जनावर बांधलेले आहे, त्यांनी एकादशीच्या दिवशी आपला फराळ मांडण्यापूर्वी त्याच्यापुढे चारा-पाणी ठेवावे. पंढरीची वाट प्रत्येकास घडतेच असे नाही. वृद्ध आहेत, आजारी आहेत, लेकुरवाळ्या आहेत, पेरणीत अडकलेले आहेत. त्यांनी खंत करू नये. वारीस निघालेल्यांची वारी अठरा दिवसांची. पागेतल्याची तीनशे पासष्ट दिवसांची. जो रोज पहाटे उठून, ज्यावर आपण बसणार नाही अशा पाठीस खरारा करतो, त्याची हजेरी पांडुरंगाच्या वहीत लागलेली असते, अशी आमची श्रद्धा आहे.