पाहुणा मुक्कामी राहिला, तर पैसा गावात राहतो

मैत्रिणींनो, इटलीतले शेतकरी शहरच्या पाहुण्यांना शेतावरच्या घरी ठेवतात, मळ्यात पिकलेलं जेवू घालतात. त्यासाठी तिथे १९८५ साली कायदा झाला. आपल्या राज्याचंही २०२० पासून कृषी पर्यटन धोरण आहे.

आपल्या अकोले तालुक्यात भंडारदऱ्याला काजवे, धबधबे बघायला गर्दी होते. पाहुणा तासाभरात परतला, तर गावात चहाचेच पैसे राहतात. मुक्काम केला, तर नाचणीची भाकरी, हुलग्याचे शेंगोळे, काळभात यांना मोल येतं. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी जपलेलं गावरान बियाणं इथेच कामाला येतं.

मात्र ताटाचा दर ठरवताना किराणा आणि सरपणासोबत आपली मजुरीही धरा. नाहीतर पाहुणा जेवून जाईल आणि बाईचं राबणं फुकट जाईल. पैसे गटाच्या खात्यावरच घ्या.