व्हिडिओखालील ॲफिलिएट लिंकची निगा

शेतीविषयक व्हिडिओ तयार करून ते यूट्यूबवर प्रसिद्ध करणारे शेतकरी आता पुष्कळ गावांतून आढळतात. ह्या व्हिडिओंखालील वर्णनात पाठीवरचा फवारणी पंप, चिकट सापळे, छाटणीची कात्री अशा वस्तू विकत मिळण्याच्या लिंक दिलेल्या असतात. त्यांपैकी जिच्यावरून झालेल्या विक्रीवर व्हिडिओ करणाऱ्यास दुकानाकडून ठराविक मोबदला मिळतो, तीस ॲफिलिएट लिंक म्हणतात. बाजारातील अडत शेतकऱ्यांस परिचित आहेच. हा मोबदलाही बहुतांशी त्याच जातीचा होय. तो दुकान देते, ग्राहकास वस्तूची किंमत त्यामुळे अधिक पडत नाही.

लिंक एकदा दिली म्हणजे काम संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु शेताचा पाट एकदा काढला म्हणून तो कायम वाहत नाही. त्यात गवत वाढते, मध्येच तो फुटतो आणि शेवटच्या वाफ्यापर्यंत पाणी पोहोचत नाही. लिंकचेही तसेच आहे. फरक एवढाच की फुटलेला पाट डोळ्यांस दिसतो, आणि बिघडलेली लिंक ती देणाऱ्याच्या नजरेस बहुधा पडत नाही.

लिंकची रचना प्रथम समजून घ्यावी. उदाहरणादाखल ॲमेझॉनची लिंक घेऊ. तिच्यात दोन भाग महत्त्वाचे असतात. पहिला वस्तूचा क्रमांक. तो दहा अक्षरांचा व अंकांचा असतो आणि त्यावरून कोणती वस्तू उघडावयाची ते ठरते. दुसरा ‘टॅग’, म्हणजे लिंक देणाऱ्याची खूण. तिच्यावरून मोबदला कोणाच्या खाती जमा करावयाचा ते ठरते. पहिला भाग बिघडल्यास ग्राहकाचे नुकसान होते, दुसरा गळल्यास लिंक देणाऱ्याचे. लिंक लांब दिसते म्हणून प्रश्नचिन्हापुढचा भाग कापून टाकण्याची सवय अनेकांस असते. अशा लिंकवरून वस्तू व्यवस्थित उघडते, विकलीही जाते, परंतु टॅग नसल्यामुळे एक पैसाही जमा होत नाही.

वस्तू बाजारातून गेली आणि पान उघडेनासे झाले, तर तो दोष सरळ असतो. पाहणारा परत फिरतो, एवढेच. खरा धोका पान उघडते परंतु त्यावर वेगळीच वस्तू असते तेव्हा आहे. फळमाशीच्या सापळ्याचे उदाहरण पाहावे. आंबा व पेरू ह्यांवरील फळमाशीचे नर मिथाईल युजेनॉलकडे ओढले जातात. काकडी, कारली, दोडका ह्या वेलवर्गीय पिकांवरील फळमाशीचे नर क्यू-ल्यूरकडे येतात. एकाची गोळी दुसऱ्याच्या सापळ्यात लावली तर सापळा रिकामाच राहतो. दुकानाच्या पानावर हे दोन्ही प्रकार पुष्कळदा एकाच वस्तूचे पर्याय म्हणून शेजारी शेजारी दाखविलेले असतात. आपण लिंक दिली त्या वेळी क्यू-ल्यूर निवडलेले होते. पुढे ते संपले आणि त्याच पानावर दुसरा पर्याय पुढे आला. कारल्याचा बागायतदार आपल्या शब्दावर विश्वासून तो मागवितो, मांडवात टांगतो आणि सापळ्यात माशी नाही म्हणून निर्धास्त राहतो. फळे सडू लागल्यावर त्यास शंका येते, आणि तोपर्यंत तोडे निघून गेलेले असतात. कापसाच्या गुलाबी बोंडअळीचे व हरभऱ्यावरील घाटेअळीचे कामगंध ल्यूरही असेच वेगवेगळे आहेत. म्हणून अशा वस्तूंच्या बाबतीत केवळ लिंक देऊन थांबू नये. ल्यूरचे नाव, पीक व कीड हे तिन्ही लिंकशेजारी स्पष्ट लिहावे. लिंक चुकली तरी लिहिलेला शब्द वाचणाऱ्यास सावध करतो.

कीटकनाशकांची गोष्ट ह्याहून गंभीर आहे. डायकोफॉल, डिनोकॅप व मेथोमिल ह्यांवर केंद्र सरकारने २०२३ मध्ये बंदी घातली. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के एसएल ह्याचाही त्याच आदेशात समावेश होता व त्याचा साठा संपविण्यास मुदत दिली होती. त्यापूर्वी केलेले व्हिडिओ मात्र आजही पाहिले जातात. अशा व्हिडिओखालची लिंक काढून टाकणे पुरेसे नाही. हे औषध आता वापरावयाचे नाही, असे वर्णनाच्या पहिल्याच ओळीत लिहावे. वर्णनाच्या सुरुवातीच्या ओळीच तेवढ्या न उघडता दिसतात. माझे मत विचाराल तर, कीटकनाशकाची ॲफिलिएट लिंक देऊच नये. औषधाची शिफारस कीड, पिकाची अवस्था व लेबल पाहून करावयाची असते, आणि शिफारस करणाऱ्यास विक्रीत वाटा असणे बरे नव्हे.

लिंक आखूड करून देणाऱ्या सेवांवर फार विसंबू नये. गूगलची अशी एक सेवा होती. नव्या लिंक बनविणे तिने २०१९ मध्ये बंद केले, आणि २०२४ च्या अखेरीस ज्यांवर कोणी आलेले नव्हते अशा जुन्या लिंक २०२५ च्या ऑगस्टमध्ये बंद केल्या. दुकानातली वस्तू जागेवरच होती. मधला पूल तेवढा गेला. त्यापेक्षा दुकानाने स्वतः दिलेली लिंक वापरणे चांगले. स्वतःचे संकेतस्थळ असल्यास सर्व वस्तूंची एकच यादी तेथे ठेवावी व प्रत्येक व्हिडिओखाली त्या यादीचा पत्ता द्यावा. म्हणजे बदल एकाच ठिकाणी करावा लागतो. मात्र संकेतस्थळाच्या नावाचे वार्षिक शुल्क भरण्यास विसरल्यास सर्वच लिंक एका दिवसात बंद पडतात, हेही ध्यानात असावे.

खातेही जपावे लागते. ॲमेझॉनच्या नियमाप्रमाणे नवीन खात्यावरून १८० दिवसांत किमान तीन विक्री न झाल्यास ते बंद केले जाते. पुन्हा खाते काढता येते, परंतु त्याचा टॅग निराळा असतो व जुनी प्रत्येक लिंक बदलावी लागते. तेव्हा पुरेसे प्रेक्षक मिळण्यापूर्वी खाते काढण्याची घाई करू नये. आपल्याच लिंकवरून स्वतःसाठी केलेल्या खरेदीवर मोबदला मिळत नाही. छापील पत्रकात ह्या लिंक देण्यास मनाई आहे.

तपासणीसाठी एक वही किंवा संगणकावरील तक्ता ठेवावा. त्यात व्हिडिओचे नाव, वस्तूचे नाव व मॉडेल, लिंक आणि ती शेवटची पाहिल्याची तारीख एवढे असले म्हणजे झाले. सर्व लिंक दरमहा पाहण्याचे कारण नाही. खरिपाच्या तोंडावर मे महिन्यात आणि रब्बीपूर्वी सप्टेंबरात, ज्या व्हिडिओंस त्या हंगामात प्रेक्षक येतात त्यांच्या लिंक आधी पाहाव्यात. लिंक आपल्या नेहमीच्या मोबाइलवर न उघडता गुप्त विंडोत किंवा दुसऱ्याच्या मोबाइलवर उघडावी. वस्तू तीच आहे काय, मॉडेल तेच आहे काय, पत्त्यात आपला टॅग शिल्लक आहे काय, हे पाहावे. खात्यावरील अहवालात लिंकवर येणारे पुष्कळ असून विक्री एकाएकी थांबली असेल, तर ते पान त्याच दिवशी उघडावे. किंमत वर्णनात लिहू नये. ती रोज बदलते.

यूट्यूबच्या शॉर्ट्सखाली दिलेल्या लिंक ऑगस्ट २०२३ पासून दाबून उघडत नाहीत. त्यांत श्रम घालविण्यापेक्षा मोठ्या व्हिडिओकडे बोट दाखवावे.

मोबदला मिळतो ही गोष्ट लपवू नये. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार असा संबंध सोप्या शब्दांत, व्हिडिओच्या भाषेतच व व्हिडिओमध्येच सांगावयाचा असतो. खाली वर्णनात एका कोपऱ्यात लिहून भागत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. तसेच हे उत्पन्न शेतीचे उत्पन्न नव्हे. शेती उत्पन्नास असलेली प्राप्तिकराची सूट त्यास लागू होत नाही. त्याचा हिशेब वेगळा ठेवावा.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपल्या भागातील अशा शेतकऱ्यांचे व्हिडिओ हंगामापूर्वी एकदा पाहावेत आणि ल्यूर, बियाणे व औषधे ह्यांच्या लिंक त्यांच्यासोबत बसून तपासाव्यात. जी वस्तू कोठेच मिळत नसेल तिची लिंक काढून तिच्या जागी ‘ही वस्तू आता मिळत नाही’ असे तारखेसह लिहावे, आणि तशाच कामाची दुसरी वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तिची लिंक तेथे घालू नये.