फेनाझोपिरिडीन

मूत्राशय व मूत्रमार्ग यांच्या दाहामुळे होणाऱ्या त्रासापासून तात्पुरता आराम देणारे औषध. हे ॲझो वर्गातील एक रंजकद्रव्य असून औषधात त्याचे हायड्रोक्लोराइड लवण वापरतात. हे लवण तांबड्या रंगाच्या स्फटिकी चूर्णाच्या रूपात असते.

१९३० नंतरच्या दशकापासून हे औषध प्रचारात आहे. रंजकद्रव्यांतून जंतुनाशके शोधण्याचा तो काळ होता (याच वर्गातील प्राँटोसील १९३५ मध्ये पुढे आले) व आरंभी फेनाझोपिरिडीनही मूत्रमार्गाचे जंतुनाशक समजले जाई. प्रत्यक्षात त्यामुळे जंतुसंसर्ग बरा होत नाही.

पोटात घेतलेल्या मात्रेचा बराच भाग वृक्कांवाटे (मूत्रपिंडांवाटे) मूत्रात उतरतो आणि मूत्रमार्गाच्या श्लेष्मकलेवर (नाजूक ओलसर अस्तरावर) वेदनाशामक क्रिया करतो. या क्रियेची यंत्रणा पूर्णपणे उलगडलेली नाही. लघवीच्या वेळची जळजळ, वारंवार व तातडीने लघवीस जावेसे वाटणे ही लक्षणे त्यामुळे सौम्य होतात. संसर्गाखेरीज शस्त्रक्रिया, इजा किंवा मूत्राशयात घातलेली नळी यांमुळे होणाऱ्या त्रासातही ते देतात.

प्रौढांना २०० मिग्रॅ. मात्रा दिवसातून तीनदा जेवणानंतर देतात. संसर्ग असल्यास प्रतिजैविकाबरोबर ते दोन दिवसांपेक्षा जास्त देऊ नये. तोवर प्रतिजैविकाचा गुण येऊ लागतो व पुढे या जोडीचा अधिक लाभ दिसून आलेला नाही. केवळ याच औषधावर विसंबल्यास जळजळ थांबते, परंतु संसर्ग तसाच राहून वृक्कांपर्यंत चढू शकतो. थंडी वाजून ताप येणे व कुशीत दुखणे ही त्याची लक्षणे होत.

या औषधाने मूत्रास नारिंगी ते तांबडा रंग येतो. तो निरुपद्रवी असला, तरी पूर्वसूचना नसलेला रुग्ण घाबरतो. (क्षयरोगावरील रिफँपिसिनानेही असाच रंग येतो.) उलट, मूत्रातून खरोखर रक्त जात असल्यास ते या रंगात लपण्याचा संभव असतो. कपड्यांवर व स्पर्शभिंगांवर न जाणारे डाग पडतात आणि रंगावर आधारलेल्या मूत्रपरीक्षा चुकतात. म्हणून परीक्षेसाठी मूत्राचा नमुना औषध सुरू करण्यापूर्वीच घेणे इष्ट असते.

डोकेदुखी, पुरळ व पोटाच्या तक्रारी हे दुष्परिणाम आढळतात. वृक्कांचे कार्य मंदावलेले असल्यास हे औषध वर्ज्य आहे. अशा व्यक्तीत ते शरीरात साचते आणि त्वचा व डोळे पिवळसर दिसू लागतात. हा पिवळेपणा काविळीचा समजण्याची चूक होऊ शकते. तो दिसताच औषध बंद करावे लागते. जीसिक्सपीडी या एंझाइमाची जन्मजात न्यूनता असलेल्यांत तांबड्या रक्तकोशिका फुटण्याचा धोका असतो. उंदीर-घुशींना दीर्घकाळ हे द्रव्य दिल्यावर यकृत व मोठे आतडे यांत अर्बुदे आढळली आहेत. मानवातील पुरावा अपुरा आहे.