चाकांचा रोबोट हलत नाही? आधी हे तपासा



दोन पिवळ्या बीओ मोटर, आर्डुइनो उनो, एल२९८एन मोटर ड्रायव्हर आणि एक कॅस्टर चाक. मुलं हा किट हौसेनं जोडतात, पण रोबोट जागचा हलत नाही. मग किट कपाटात जातो आणि 'मला हे जमत नाही' असं मुलाच्या मनात बसतं. खरं तर दोष बऱ्याचदा छोटा असतो. तो शोधताना एकच नियम पाळायचा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

१. दिवा लागतो, मोटर फिरत नाही
आधी बॅटरी बघा. ९ व्होल्टची छोटी चौकोनी बॅटरी मोटरला पुरेसा करंट देऊ शकत नाही. नुसती मोजली तर ९ दिसतात, मोटर सुरू होताच आकडा खाली येतो. म्हणून मोटर जोडलेली असतानाच मल्टीमीटर लावा. शिवाय एल२९८एन स्वतःच साधारण २ व्होल्ट खातो. १.२ व्होल्टचे ६ रिचार्जेबल एए सेल लावले, तर ७.२ मधून सुमारे ५ उरतात. ३ ते ६ व्होल्टवर चालणाऱ्या बीओ मोटरला तेवढे पुरतात.

बॅटरीची ऋण वायर, ड्रायव्हरचा जीएनडी आणि आर्डुइनोचा जीएनडी एकमेकांना जोडलेले हवेत. नाहीतर ड्रायव्हरला सिग्नल नीट कळत नाही.

२. एकच चाक फिरतं
ड्रायव्हरवर दोन्ही मोटरच्या वायरींची अदलाबदल करा. तीच मोटर बंद राहिली, तर दोष मोटरमध्ये किंवा तिच्या सोल्डरिंगमध्ये. आता दुसरी बंद पडली, तर मोटर ठीक आहेत. सिग्नलची वायर आणि ड्रायव्हरवरची ईएनए-ईएनबीची जंपर टोपी निघाली आहे का ते बघा.

३. एक चाक उलटं फिरतं
फक्त त्या मोटरच्या दोन वायरी उलटसुलट करा.

४. रोबोट एका बाजूला ओढतो
उचलून चाकं फिरवून बघा. दांड्यात केस-दोरा अडकला आहे का? चाक चौकटीला घासतं का? कॅस्टर मोकळं फिरतं का? सगळं ठीक असेल, तर जास्त पळणाऱ्या मोटरचा वेग प्रोग्रॅममधून थोडा कमी करा.

काळजी: वायरीला हात लावण्याआधी बॅटरी काढायची. सेल किंवा वायर गरम लागली, तर मोठ्यांनी लगेच जोडणी तोडावी.

दोष आपल्याला दिसला तरी लगेच दुरुस्त करून देऊ नका. वहीत तीन रकाने आखायला सांगा: काय दिसलं, काय बदललं, काय झालं. ज्या मुलानं स्वतः दोष शोधला, ते पुढच्या वेळी किट कपाटात ठेवणार नाही.