सूर चढले हेलिकॉप्टरमध्ये!

चार वादक, चार हेलिकॉप्टर्स आणि एक भन्नाट रचना! जर्मन संगीतकार कार्लहाइन्झ स्टॉकहाउझेन यांचं 'हेलिकॉप्टर स्ट्रिंग क्वार्टेट' माहीत आहे का? सीट बेल्ट बांधा, टेक-ऑफ करू या!

स्वप्नातली ऑर्डर
१९९१मध्ये साल्झबर्ग फेस्टिव्हलने स्टॉकहाउझेनकडे स्ट्रिंग क्वार्टेट मागितलं. साहेबांना हा प्रकार हाताळायचाच नव्हता. मग पडलं स्वप्न! त्यात चार वादक चार हेलिकॉप्टर्समधून वाजवत होते. झालं, आयडिया हवेत उडाली!

दिसत नाही, ऐकू येत नाही
स्ट्रिंग क्वार्टेट म्हणजे दोन व्हायोलिन, एक व्हायोला, एक चेलो. एरवी चौघं नजरेला नजर देत वाजवतात. इथे आकाशात चौघं चार दिशांना! मग ताल कसा जमतो माहीत आहे का? हेडफोनमधल्या क्लिक-ट्रॅकवर, म्हणजे टिक-टिक ठोक्यांवर!

पाचवा वादक कोण?
हेलिकॉप्टरच! एक माइक वाद्यावर, एक वादकाच्या तोंडाशी आणि एक बाहेर, खास पात्यांसाठी. तारांवर गज झरझर मागे-पुढे फिरतो आणि पात्यांच्या घरघरीत मिसळून जातो. मधूनच वादक जर्मन आकडे ओरडतात. प्रेक्षक मात्र जमिनीवर, स्क्रीन आणि स्पीकर्ससमोर!

नोटेशन? कलरफुल!
लाल, निळा, हिरवा, केशरी. स्कोअरमध्ये प्रत्येक वाद्याला स्वतःचा रंग.

आधी क्रॅश-लँडिंग
१९९४चा साल्झबर्गचा प्रयोग रद्द झाला. हेलिकॉप्टर्सच्या धुराने हवा बिघडेल म्हणून ऑस्ट्रियातल्या ग्रीन पक्षाने विरोध केला होता.

मग टेक-ऑफ!
२६ जून १९९५, ॲमस्टरडॅम. वादक आर्डिटी क्वार्टेटचे, हेलिकॉप्टर्स डच हवाई दलाच्या 'ग्रासहॉपर्स' पथकाची. नाकतोडे उडाले! आणि चेलोवर कोण? श्रीलंकन कुटुंबातले रोहन डी सराम!

पायलटलाही विचारा
लँडिंगनंतर वादकांसोबत पायलटही प्रेक्षकांसमोर येतात आणि रंगतं प्रश्नोत्तरांचं सत्र. टाळ्यांत त्यांचाही वाटा!

हा तर फक्त बुधवार
'लिष्ट' ही स्टॉकहाउझेन यांची सात ऑपेरांची मालिका. आठवड्याच्या प्रत्येक वाराला एक ऑपेरा; एकूण सुमारे २९ तास! हेलिकॉप्टर्स बुधवारच्या वाट्याला. तो आख्खा बुधवार स्टेजवर आला २०१२मध्ये, बर्मिंगहॅमला. त्यात उंटही आहे बरं का!

बीटल्स कनेक्शन
बीटल्सच्या १९६७च्या 'सार्जंट पेपर' अल्बमचं कव्हर काढा. मागच्या रांगेत स्टॉकहाउझेनचा चेहरा सापडतोय का बघा.

आता तुमची पाळी
रेकॉर्डिंग जेमतेम अर्ध्या तासाचं आहे. चांगले हेडफोन लावा. सुरुवातीला नुसता गोंगाट वाटेल, थोडं थांबा. हळूहळू त्या घरघरीतून तारा वर येतात, पुन्हा बुडतात, आणि यंत्राचा आवाजही गाऊ लागतो. हीच या रचनेची खरी कमाल! पातं कुठे थांबतं आणि गज कुठे सुरू होतो, ओळखून दाखवा!